वॉशरच्या नळीतला धागा

आमची गाडी पासिंगमध्ये नापास झाली ती माझ्या वडिलांमुळे. इन्स्पेक्टरसाहेब बिचारे पास करायलाच निघाले होते. त्यांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, ब्रेक मारायला लावला, चासीचा नंबर ताडून पाहिला. पेनाचं टोपण काढत होते, तेवढ्यात पप्पा म्हणाले, साहेब, काचेवर पाणीपण मारते, बघा ना. साहेबांनी बटण दाबलं. बॉनेटखाली मोटर घूं घूं करत राहिली, वायपर कोरड्या काचेवर खरखरत दोनदा फिरले आणि पाण्याचा एक थेंबही आला नाही. साहेबांनी टोपण परत लावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुरुस्त करून आणा, ते म्हणाले. नोंदणीची मुदत संपायला अकरा दिवस उरले होते. बाहेर उभ्या असलेल्या एजंटने गाडीकडे एकदा आणि पप्पांकडे एकदा बघून मला बाजूला घेतलं. मॅडम, एवढ्या जुन्या गाडीची मुदत एकदा गेली की परत कागद करताना दमछाक होईल, त्यापेक्षा भंगारात द्या, असा त्याचा सल्ला होता. पप्पा ऐकत नाहीत असं त्याला वाटलं. पप्पांना सगळं ऐकू येतं.

ही गाडी कुठल्या कंपनीची, असं आम्हाला सिग्नलला रोज कोणीतरी विचारतं. ती कुठल्याच कंपनीची नाही. मिल बंद पडल्यावर पप्पा घोडपदेवच्या एका फायबरच्या कारखान्यात लागले. तिथे पाण्याच्या टाक्या, बसच्या सीटा आणि शेठच्या हौसेखातर गाडीच्या बॉड्याही बनायच्या. बॉडीचे सुटे तुकडे, काचा, बिजागऱ्या आणि एक हाताने काढलेला नकाशा असा सगळा संच मिळायचा. एखाद्या जुन्या गाडीची चासी आणि इंजिन घ्यायचं आणि घरी जोडत बसायचं. बाहेरच्या देशात याला किट कार म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आमच्या परळच्या चाळीत तिला पहिल्या दिवसापासून बेडूक म्हणतात, कारण ती हिरवी आहे आणि तिचे दिवे वर आलेले आहेत.

बेडूक दोघांनी मिळून जोडला, पप्पांनी आणि काकांनी. काका म्हणजे सख्खे नव्हेत. पप्पांच्याच मिलमध्ये ते विणकर होते, मूळ मालवणकडचे मराठे. मिलमध्ये दोघांची फक्त तोंडओळख, मैत्री झाली ती कारखान्यात. वर्षभर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दोघे गाडी जोडत होते. इंजिन आणि वायरिंग पप्पांचं, बॉडी आणि नळ्या काकांच्या. नियम एकच होता, तो मिलमधून आलेला: एकाच्या मशीनला दुसऱ्याने हात लावायचा नाही, लावायचाच तर आधी विचारायचं.

आता पप्पा अठ्ठ्याहत्तरचे आहेत आणि काका त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. काकांचे गुडघे गेलेत. घोडपदेवच्या त्यांच्या खोलीतून ते आठवड्यातून एकदाच खाली उतरतात, रविवारी सकाळी, बेडकात बसायला. मी चालवते, काका पुढे पाय लांब करून बसतात आणि पप्पा मागच्या अरुंद बाकावर आडवे बसून मला कुठे वळायचं ते सांगतात, जसं काही मला माटुंग्याचा रस्ता माहीत नाही. तिथे इडली खायची, कॉफी प्यायची, गाडीतच बसून भांडायचं आणि परत यायचं. टॅक्सीने जाऊ या असं मी एकदा सुचवलं होतं. काका म्हणाले, टॅक्सीत आम्ही काय करायचं? त्यामुळे बेडूक गेला तर रविवार गेला, हे मला एजंटने सांगायची गरज नव्हती. रविवार गेला की हे दोघे फोनवर आवाज नीट येत नाही म्हणून एकमेकांवर ओरडतील, आणि मग एक दिवस तेही थांबेल. मला त्याची भीती वाटत होती.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सत्तावीस वर्षं नळ्या, सुया आणि काचपट्ट्या यांच्यातच गेलीत. म्हणून हे काम मी अंगावर घेतलं. शिवाय स्वभाव. लहानपणी मी घड्याळ उघडून ठेवलं होतं तेव्हा आई म्हणाली होती की या पोरीला नसत्या चौकशा फार. ते अजून गेलेलं नाही. पाणी डब्यात आहे, मोटर फिरतेय, मग ते जातं कुठे, या प्रश्नाने मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

पहिला संशय नोझलवर. काचेच्या खाली बॉनेटवर दोन पितळी नोझल आहेत, वाटाण्याएवढी. प्रत्येकात एक बारीक भोक, त्यातून पाणी काचेवर उडायचं. डाव्या नोझलमध्ये मला सुकलेल्या मातीची गुळगुळीत भिंत सापडली. कुंभारीण माशीने तिथे घर केलं होतं. एवढ्या मोठ्या मुंबईत तिला हीच जागा आवडली याचं मला फार कौतुक वाटलं. इंजेक्शनच्या बारीक सुईने मी तिचं घर काढलं. उजव्या नोझलमध्ये क्षार होते, ते व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून सुटले. दोन्ही नोझल डोळ्यापुढे धरून मी उजेडाकडे पाहिलं, आरपार दिसत होतं. मोठ्या ऐटीत बसवली, बटण दाबलं. घूं घूं. काही नाही.

मग मी पाण्याच्या वाटेने उलटं जायला लागले. पाणी साठवायला पप्पांनी खाण्याच्या तेलाचा पाच लिटरचा डबा बसवलाय. त्यातून मोटर पाणी ओढते आणि एका नळीत ढकलते. ही नळी काचेखालच्या फायबरच्या बंद पोकळीतून जाते आणि पलीकडे बाहेर येऊन दोन नोझलना फुटते. मोटरजवळ पाणी होतं. पलीकडच्या टोकाला नव्हतं. म्हणजे जे काही अडलं होतं ते बंद पोकळीत, जिथे हात जात नाही आणि डोळाही पोचत नाही. सायकलच्या पंपाने हवा मारली तर नळी मोटरवरूनच निसटली. बारीक तार आत घातली तर ती हातभर गेली आणि मऊसर कशावर तरी टेकली. बाहेर काढली तेव्हा तारेच्या टोकाला करडा बुळबुळीत गोळा लागला होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

दुसऱ्या कोणी हे पुसून टाकलं असतं. मी तो गोळा नमुन्याच्या डबीत ठेवला, डबीवर सवयीने तारीख घातली आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मायक्रोस्कोपखाली धरला. शेवाळं होतं, बुरशी होती, ते अपेक्षितच. पण त्यात लांब लांब चपटे तंतू होते, पिळलेल्या फितीसारखे. हे तंतू मी रोज पाहते. पेशंटच्या नमुन्यात कापसाचा बोळा पडला की ते दिसतात आणि नवीन मुलींना आम्ही सांगतो, हा आजार नाही, हा कापूस आहे. बेडकाच्या पोटात कापूस कुठून आला?

घरी येऊन पप्पांना विचारलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, तिथे जोड आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, मी लॅबपर्यंत जाऊन आले आणि उत्तर समोरच्या खुर्चीत बसलं होतं. नळी कमी पडली होती म्हणे, तेव्हा दोन तुकडे एका छोट्या पितळी नळीवर चढवून जोडले. तो जोड घट्ट राहावा म्हणून काकांनी आतून बाहेरून सूत गुंडाळलं, मिलचं सूत, विणकराच्या गाठीने. दुसऱ्या कोणीही तिथे क्लिप लावली असती. पण या दोघांचा सुतावर जेवढा विश्वास, तेवढा लोखंडावर नाही. तीस वर्षं ते सूत पाण्यात भिजलं, सुटलं आणि आत जाऊन बसलं.

मी म्हटलं, सोपं आहे, नवीन नळी बाहेरून टाकू, पाच मिनिटांचं काम. लालबागचा गॅरेजवालाही तेच म्हणाला होता. पप्पांनी आता पेपर खाली घेतला.

“नळी त्याची आहे. त्याला विचारल्याशिवाय नाही.”

मी चिडले. दिवस उरले होते पाच. या वयात मिलचे नियम कशाला, असं मी म्हणाले आणि आणखीही थोडं बोलले. पप्पा पेपर वाचायला लागले. पण खरं सांगायचं तर मलाही काकांचा तो जोड बघायचा होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे आजोबाही मिलमध्ये होते, सूत कातायच्या खात्यात. आम्ही आता बौद्ध आहोत. आजोबा कामाला लागले तेव्हा त्यांची जात अस्पृश्य मानत. कापड विणायच्या खात्यात पगार बरा होता, पण तिथे आमच्या लोकांना घेत नसत. कारण विचारलं तर धोट्याकडे बोट दाखवायचे. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी, तिच्या पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढून घ्यायचं. एकाच धोट्याला सकाळपाळीचा विणकर तोंड लावणार, मग दुपारपाळीचा. आमच्या माणसाने तोंड लावलेला धोटा दुसरा तोंडाला कसा लावणार? कागदावर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पप्पांच्या वेळेपर्यंत ते बरंच सैल झालं होतं, तरी पप्पांनी विणायच्या खात्यासाठी कधी विचारलं नाही. ते आजोबांच्याच खात्यात राहिले आणि खोकला घेऊन घरी आले. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली होती, मी नववीत असताना, आणि सांगताना ते रागावलेले नव्हते. मी रागावले होते.

रविवारी आम्ही बेडूक घोडपदेवला नेला. काका खाली येऊन एका स्टुलावर बसले होते, काठी मांडीवर आडवी. मी तारेने मोजलेलं अंतर सांगितलं, मायक्रोस्कोपचं सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. आपलं सूत हॉस्पिटलात तपासून आलं हे त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या दोघांना ऐकवलं. बाहेरून नळी टाकायचं म्हटल्यावर मात्र तोंड वाकडं केलं. पेशंटला सलाइन लावल्यासारखी दिसेल, म्हणाले. आधी तोंडाने बघू. एकाने फुंकून सुताचा गोळा हलवायचा, दुसऱ्याने लगेच ओढायचं.

लॅबमध्ये आम्ही नळीला तोंड लावत नाही. पूर्वीचे लोक लावायचे, आमच्या सरांना त्यातूनच कावीळ झाली होती. मी काकांना बुरशीबद्दल सांगितलं. ते म्हणाले की त्यांनी आयुष्यभर सूत खाल्लंय, बुरशी काय करणार. मग मी निदान नळी आधी कोमट पाणी आणि व्हिनेगरने धुतली, मोटरकडचं टोक सोडवून सगळं पाणी निथळू दिलं आणि नोझलकडचं टोक पप्पांच्या हातात दिलं.

पप्पांनी फुंकलं. गाल फुगले, मानेच्या शिरा दिसायला लागल्या. मोटरकडच्या टोकावर मी तळहात धरला होता, हवा येत नव्हती. त्यांनी पुन्हा फुंकलं आणि खोकल्याची उबळ आली. काकांनी हात पुढे केला, दे इकडे. खोकता खोकता पप्पांनी नळी जवळ उभ्या असलेल्या माझ्याकडे दिली, आणि मी काय केलं, तर पर्समधल्या स्पिरिटच्या बोळ्याचं पाकीट फाडलं, नळीचं टोक नीट पुसलं, दोनदा, आणि मग ती काकांसमोर धरली.

सत्तावीस वर्षांची सवय. हाताने केलं, डोक्याला कळलंही नाही. कळलं ते पप्पांकडे बघितल्यावर. त्यांचा खोकला थांबला होता. ते त्या ओल्या पांढऱ्या बोळ्याकडे बघत होते. मग त्यांनी रुमाल काढला, तोंड पुसलं आणि रुमालाच्या घड्या घालत बसले, एक, दोन, तीन, अगदी बारीक होईपर्यंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबांची गोष्ट मला माहीत होती. मीच ती आपल्या मुलांना रागारागाने सांगितली होती. आणि पप्पांनी तोंड लावलेली नळी काकांना द्यायच्या आधी मीच पुसली होती.

काकांनी नळी घेतली, वास घेतला.

“कित्याक पुसलंस गो?”

“जंतू असतात काका,” मी म्हटलं.

पप्पांच्या रुमालाकडे काकांचं लक्ष गेलं असावं, किंवा नसेलही. त्यांनी नळी उलट पप्पांसमोर धरली.

“तू परत फुंक रे. मग मी ओढतो.”

पप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. मग रुमाल खिशात ठेवला आणि फुंकलं, या वेळी हळू आणि लांब. नळी तोंडातून काढली तेव्हा टोकाला थुंकी लागली होती, मला स्वच्छ दिसली. काकांनी ती तशीच घेतली, ओठात धरली, डोळे मिटले आणि गाल आत ओढले. फुंकून झाल्यावर लगेच ओढायचं हे तर आधीच ठरलं होतं, त्यामुळे त्यांनी ते कामासाठी केलं की आणखी कशासाठी, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. मी त्यांना विचारलेलंही नाही. मला सगळ्याच्या चौकशा असतात, पण ही केली नाही.

त्यांनी दोनदा ओढलं. तिसऱ्यांदा ओढताना नळीतून बारीक ‘फट्’ असा आवाज आला, माझ्या तळहाताखालची हवा एकदम आत खेचली गेली आणि काका थांबले. त्यांनी तोंड उघडलं. जिभेच्या टोकावर काळपट धाग्याचा गुंता होता. दोन बोटांनी त्यांनी त्याचं टोक पकडून ओढलं, तर तो सुटत सुटत वीतभर बाहेर आला.

“धागा आला,” काका म्हणाले.

मग ते खूप थुंकले आणि मी त्यांना चूळ भरायला पाणी दिलं. चव कशी होती असं पप्पांनी विचारलं. व्हिनेगरची, काका म्हणाले, तुझ्या पोरीने लोणचं घातलंय. दोघे इतके हसले की पप्पांना परत खोकला आला. मी हसले नाही, माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी बॉनेटखाली डोकं घालून मोटर जोडत बसले. जोड पुन्हा तुंबणार का, असं मी तिथूनच विचारलं. तुंबला तर तुंबला, काका म्हणाले, परत ओढू.

बटण दाबलं तेव्हा आधी थोडं करडं पाणी आलं आणि मग दोन स्वच्छ धारा. एक काचेवर पडली. दुसरी काचेवरून, टपावरून उडून मागे उभ्या असलेल्या एका बाईंच्या भाजीच्या पिशवीवर. त्यांना सॉरी म्हणून मी सुईने नोझलची दिशा खाली केली. त्या दिवशी माटुंग्याला पोचेपर्यंत इडली संपली होती, तरी दोघांनी भांडून घेतलं.

दोन दिवसांनी पासिंगला गेलो. या वेळी पप्पांना मी आधीच बजावलं होतं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. साहेबांनी स्वतःच बटण दाबलं, पाणी पाहिलं, वायपर पाहिले आणि सही केली. पुढच्या पाच वर्षांचा कागद. पाच वर्षांनी पप्पा त्र्याऐंशीचे होतील आणि काका पंच्याऐंशीचे, हा हिशेब मी गाडीत बसल्या बसल्या केला.

परत येताना पप्पा पुढे बसले होते, काकांच्या जागेवर. मला राहवलं नाही. सिग्नलला थांबल्यावर मी म्हटलं, पप्पा, त्या दिवशी मी नळी पुसली. चुकलं माझं. ते म्हणाले की त्यात काय, तुझी नोकरीच पुसायची आहे. मग मी विचारलं की मला तुम्ही तेव्हाच का नाही ओरडलात, रुमालाच्या घड्या काय घालत बसलात?

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली तरी पप्पा काचेकडेच बघत होते. मग त्यांनी बटणावर बोट ठेवलं, काही कारण नसताना, आणि दोन्ही धारा काचेवर उडाल्या.

“तुझ्याकडे बघतच नव्हतो मी,” ते म्हणाले. “तो काय करतो ते बघत होतो. तीस वर्षं बघतोय. अजून एकदाही पुसलं नाही त्याने.”